सावई-वेऱ्यातील जुने विलीज पिकअप : प्रकल्प नोंदी

१९ नोव्हेंबर २०२३

दिवाळीसाठी घरी आलेली मंडळी परत जाण्यापूर्वी मांगरातील (बागेतल्या शेडमधील) पिकअपची आहे त्या स्थितीतील नोंद आज पूर्ण केली. बाबा, दादा, वहिनी, माझी मुलगी आणि मी असे सर्वजण ही गाडी पुन्हा चालती करण्याच्या कामात राहणार आहोत. नोंदी ठेवण्याचे काम माझ्याकडे आले आहे. एकही नट सोडवण्यापूर्वी प्रत्येक बाजूचे फोटो काढावेत, सुटणारा प्रत्येक भाग नाव लिहिलेल्या डब्यात ठेवावा आणि कितीही गंजलेला असला तरी काम संपेपर्यंत कोणताही भाग भंगारात देऊ नये, असे ठरले आहे.

गाडी विलीज-ओव्हरलँड कंपनीची आहे. अमेरिकेतील टोलेडो येथील कारखान्यात ही पिकअप १९४७ ते १९६५ या काळात तयार होत होती. आमच्या गाडीच्या पुढच्या जाळीवर पाच आडव्या पट्ट्या आहेत. १९५४ पासून त्यांची संख्या तीन झाली. इंजिन हरिकेन जातीचे आहे आणि ते या गाड्यांत १९५० पासून येऊ लागले. जाळी आणि इंजिन दोन्ही मूळचीच असतील, आणि तसे नसल्याची एकही खूण आम्हांला सापडलेली नाही, तर गाडी १९५० ते १९५३ मधील ठरते. पुढची काच दोन सपाट तुकड्यांची असणेही त्या काळाशी जुळते.

पन्नाशीच्या दशकात गोव्याचे लोहखनिज जपानला जाऊ लागले आणि खाणींवर बाहेरची यंत्रे व वाहने आली. त्यांपैकीच हे एक. गोवामुक्तीनंतर काही वर्षांनी आजोबांनी ते डिचोलीकडच्या एका खाणमालकाकडून विकत घेतले आणि तेव्हापासून ते कुळागराच्या, म्हणजे माड-पोफळीच्या बागेच्या, कामाला लागले. नारळ, सुपारी, केळीचे घड, मिरीची पोती, चवथीला माटोळीचे (गणपतीच्या वर टांगलेल्या फळाफुलांच्या आराशीचे) सामान आणि एकदा आमच्या आतेच्या लग्नाची भांडी असे सर्व काही या गाडीने वाहिले. बाबांनी ती बावीस वर्षे चालवली. नव्वदीच्या दशकात डिझेलची नवी गाडी आल्यावर ही मांगरात गेली ती तिथेच राहिली.

हातोड्याने चॅसिस (गाडीचा खालचा सांगाडा) ठोकून पाहिली. दोन्ही लांब पट्ट्या खणखणीत वाजतात. केबिनची जमीन, दारांखालचा भाग, पायऱ्या आणि मागच्या हौद्याचे कोपरे मात्र गेले आहेत. गोव्यात गंज आतून येतो. चिऱ्याची तांबडी माती दारांखालच्या पोकळीत साठते, पावसाळाभर ओल धरून ठेवते आणि पत्रा बाहेरून रंगीत दिसत असतानाच आत चाळण होते.

२६ नोव्हेंबर २०२३

गाडी कशी करायची यावर आज सविस्तर बोलणे झाले. दादाचे मत असे की गाडी कारखान्यातून निघाली तशी व्हावी. बाबा म्हणाले, "तशी मी ती कधी पाहिलीच नाही. मला ती आठवते ती आपल्या दारातली." हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. या गाडीत कारखान्याचे जसे काम आहे तसेच आमच्या घराचेही आहे. हौद्यातील मत्तीच्या (ऐनाच्या) लाकडाच्या फळ्या, बारा व्होल्टची वायरिंग आणि केबिनच्या मागच्या खिडकीवरील लोखंडी गज या सर्व गोष्टी आजोबांनी किंवा बाबांनी गरजेपोटी केल्या आणि त्या गाडीच्या आयुष्याचा मोठा भाग गाडीबरोबर होत्या. त्या काढून टाकल्या तर एका अनोळखी मालकाची गाडी तयार होईल. पुढे प्रत्येक ठिकाणी हाच प्रश्न येणार, म्हणून तो सुरुवातीलाच लिहून ठेवते. आजचे ठरले ते असे: जिवाशी गाठ असलेल्या भागांत, म्हणजे ब्रेक, स्टिअरिंग, इंधनाच्या नळ्या आणि टायर यांत, जुने काही ठेवायचे नाही. बाकी प्रत्येक भागावर वेगळा विचार करायचा.

१० डिसेंबर २०२३

इंजिन इतकी वर्षे फिरलेले नसल्यामुळे स्टार्टर लावून पाहण्याचा मोह टाळला. प्लग काढून चारही सिलिंडरांत डिझेल आणि गिअरचे पातळ तेल यांचे मिश्रण ओतले आणि आठवडाभर मुरू दिले. आज पुढून हँडल लावून दादाने हलका जोर दिला. सुरुवातीला अगदी थोडे, मग पाव फेरा आणि शेवटी पूर्ण फेरा इंजिन फिरले. जाम झालेल्या इंजिनावर जोर केला तर पिस्टनच्या रिंगा तुटतात, म्हणून ही सबुरी आवश्यक होती.

१७ डिसेंबर २०२३

फोंड्याचे मेस्त्री कॉम्प्रेशन गेज घेऊन आले. त्यांनी तरुणपणी महिंद्राच्या पेट्रोल जीपवर बरेच काम केले आहे आणि ही या प्रकल्पातील सर्वांत मोठी सोय आहे. महिंद्राने विलीजच्या जीपची जुळणी चाळीसच्या दशकाच्या अखेरीस भारतात सुरू केली आणि पुढे हेच हरिकेन इंजिन इथे तयार केले. त्यामुळे सत्तर वर्षांपूर्वीच्या अमेरिकन पिकअपची पिस्टन, व्हॉल्व्ह, गॅस्केट आणि बेअरिंग आजही आपल्याकडच्या जुन्या जीपच्या दुकानांत मिळतात. तीन गिअरचा बॉक्स आणि चारही चाकांना शक्ती वाटणारा ट्रान्स्फर बॉक्ससुद्धा त्याच घराण्यातील आहेत.

पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरचा दाब प्रति चौरस इंच ९५ ते १०५ पौंड भरला, तर तिसऱ्याचा फक्त ४०. मेस्त्रींनी तिसऱ्यात चमचाभर इंजिन ऑइल घातले आणि पुन्हा मोजले. दाब जवळपास तेवढाच राहिला. रिंगा झिजल्या असत्या तर तेलाने फट भरून दाब वाढला असता. तो वाढला नाही, याचा अर्थ गळती व्हॉल्व्हमधून आहे. मुलगी मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुस्तकात वाचलेली ही कसोटी प्रत्यक्ष पाहताना तिने मेस्त्रींना इतके प्रश्न विचारले की शेवटी त्यांनी गेज तिच्याच हातात दिले.

३१ डिसेंबर २०२३

हेड उतरवले. या इंजिनाची रचना वेगळी आहे. हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह हेडमध्ये वर बसतात आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या शेजारी उभे असतात. त्यामुळे हेड निघताच चारही एक्झॉस्ट व्हॉल्व्हची डोकी समोर दिसतात. तिसऱ्याच्या कडेला नखाएवढा भाग जळून खचला होता. गळतीचे कारण तेच.

सिलिंडरचे मूळ माप ३ १/८ इंच. वरून खाली मोजल्यावर सर्वाधिक झीज सहा थाऊ, म्हणजे इंचाचे सहा हजारांश, निघाली. एवढ्या झिजेला रिबोअर करून जुने लोखंड खरवडून टाकणे मेस्त्रींना मान्य नव्हते आणि आम्हांलाही. फक्त होनिंग करून (आतली बाजू हलकी घासून) नव्या रिंगा बसवायच्या. क्रँक (पिस्टनांमुळे फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) मात्र बेअरिंगच्या जागी ओरखडली आहे. ती चोर्ला घाटाने बेळगावच्या उद्यमबागेत ग्राइंडिंगला पाठवायची आहे.

१४ जानेवारी २०२४

व्हॉल्व्ह घासण्याचे काम मुलीने केले. नव्या व्हॉल्व्हच्या कडेला पेस्टचे चार बारीक ठिपके लावायचे, रबरी चूषक असलेली काठी डोक्यावर चिकटवायची आणि दोन तळव्यांमध्ये रवी घुसळावी तशी काठी मागेपुढे फिरवायची. थोड्या वेळाने पेस्टचा करकर आवाज मऊ होतो. मग व्हॉल्व्ह उचलून पुसायचा आणि पाहायचे. कडेभोवती करड्या रंगाची अखंड पट्टी उमटली असेल तरच काम झाले. एका जागी जरी चकाकी राहिली तरी तिथे स्पर्श होत नाही. तिसऱ्या व्हॉल्व्हला अशी चकाकी बराच वेळ राहिली. मेस्त्रींनी सीटचा कोन कटरने किंचित सुधारून दिला, त्यानंतर पट्टी पूर्ण झाली. शेवटी व्हॉल्व्हवर थोडे पेट्रोल ओतून ठेवले. खालच्या बाजूला ओल आली नाही.

२८ जानेवारी २०२४

ब्रेक उघडले. चारही चाकांच्या सिलिंडरांत गंजाचे खड्डे पडले आहेत, त्यामुळे ते सर्व बदलायचे. या गाडीला एकच मास्टर सिलिंडर आणि एकच वर्तुळ आहे, म्हणजे एका ठिकाणी नळी फुटली तर चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो. म्हणूनच नळ्यांच्या बाबतीत आम्ही काटकसर करणार नाही. एका ओळखीच्या गॅरेजवाल्याने तांब्याच्या नळ्या सुचवल्या. त्या वाकवायला सोप्या असतात, परंतु साधे तांबे सततच्या कंपाने कडक होऊन चिरते. स्टीलच्या मुलामा दिलेल्या नळ्या मागवल्या. ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषते आणि गोव्यात ओलीला तोटा नाही, म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलावे असे वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहिले आहे.

१८ फेब्रुवारी २०२४

आजपासून पत्र्याचे काम. दादाने तरुणपणी मांडवीच्या काठावर बार्ज दुरुस्तीच्या यार्डात वेल्डिंग केले आहे, पण बार्जचा जाड पत्रा आणि गाडीचा पत्रा यांत मोठा फरक आहे, आणि त्याने आधी टाकाऊ तुकड्यांवर आठवडाभर हात बसवला.

या गाडीचे पत्रे इतके सपाट का, याचे कारण समजल्यावर ती मला अधिक आवडू लागली. हिचा आकार ब्रूक्स स्टीव्हन्स या रचनाकाराने बेतला. युद्धानंतर मोटारींची बॉडी ठोकणारे मोठे कारखाने विलीजला काम देण्याइतके मोकळे नव्हते, म्हणून घरगुती उपकरणांचे पत्रे दाबणाऱ्या कारखान्यांकडून काम करून घ्यावे लागले. त्यांच्या यंत्रांना सहा इंचांपेक्षा खोल वळण देता येत नव्हते. त्या मर्यादेतून हे सरळ, उथळ पत्रे आले आणि त्यामुळेच आज सत्तर वर्षांनी सावई-वेऱ्यातील मांगरात साध्या हत्यारांनी त्यांचे तुकडे पुन्हा घडवता येतात. काचही तशीच. सपाट असल्यामुळे फोंड्यातील काचवाल्याने जुन्या तुकड्यावरून माप घेऊन नवी कापून दिली.

सपाट पत्र्याची अडचण मात्र वेल्डिंगच्या वेळी कळते. गोलाई असलेला पत्रा उष्णता पचवतो. सपाट पत्रा एका ठिकाणी तापला की लगेच फुगतो आणि दाबला की डबक-डबक वाजू लागतो. दादा १८ गेजचा, म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर जाडीचा तुकडा कडेला कड लावून बसवतो, एका टोकाला एक टाका देतो, मग दुसऱ्या टोकाला, मग मधे, आणि प्रत्येक टाक्यानंतर पत्र्यावर हात ठेवता येईपर्यंत थांबतो. ड्रायव्हरच्या बाजूचा दाराखालचा हातभर लांबीचा पट्टा बसवायला पूर्ण दिवस गेला. ग्राइंडर फिरवल्यावर सांधा कुठे आहे ते बोटाला लागत नाही.

१० मार्च २०२४

गंज कापताना किती कापायचा हा प्रश्न रोज येतो. चांगला, चमकदार लोखंडी रंग दिसेपर्यंत मागे जायचे, मग नवा तुकडा कितीही मोठा होवो, हा नियम दादाने घातला आणि तो पाळला. केबिनच्या जमिनीचा जवळजवळ अर्धा भाग नवा झाला. उघडा पत्रा इथे एका रात्रीत तांबूस होतो, म्हणून ज्या दिवशी घासला त्याच दिवशी संध्याकाळपूर्वी एपॉक्सी प्रायमर मारला जातो. लाल ऑक्साइड स्वस्त पडतो, पण त्यातून ओल झिरपते. बंद पोकळ्यांत पातळ मेण फवारून घेतले आणि खालची पाणी निघण्याची भोके, जी आधीच्या रंगाने बुजली होती, ती सर्व मोकळी केली.

बाबांच्या काळात मिरग लागण्यापूर्वी गाडीच्या पोटाला जळके ऑइल फासायची पद्धत होती. गंज थांबवण्यासाठी ती उपयोगी होती यात शंका नाही, आणि चॅसिस आज शाबूत आहे त्याचे श्रेय मी त्या तेलालाच देते. परंतु ते ठिबकून पाटाच्या पाण्यात जाते आणि आमचे पाट संपूर्ण कुळागरातून, पोफळींच्या मुळांशी फिरतात. ही पद्धत पुन्हा सुरू करायची नाही, हे बाबांनी स्वतःच सांगितले.

२४ मार्च २०२४

हौदा. सर्वांत अधिक चर्चा याच भागावर झाली. कारखान्यातून आलेली हौद्याची जमीन पत्र्याची होती. ती कुजल्यावर आजोबांनी गावच्या सुताराकडून मत्तीच्या फळ्या बसवून घेतल्या. मत्ती, ज्याला इतरत्र ऐन म्हणतात, हा गोव्याचा राज्यवृक्ष आहे. त्याचे लाकूड जड, गडद आणि वाळवीला सहजासहजी न जुमानणारे असते. सात फळ्यांपैकी दोन टोकांना कुजल्या आहेत. उरलेल्या पाचांवर नारळाच्या ढिगांनी आणि कोयत्यांच्या टोकांनी केलेल्या खुणा आहेत. रंधा मारला तर त्या जातील.

दादाने पत्र्याच्या जमिनीचा दर काढून आणला होता. वहिनींनी एक साधा प्रश्न विचारला: ज्या दिवशी फळ्या बसल्या त्या दिवशी गाडी जेमतेम पंधरा वर्षांची होती आणि त्यानंतरचे सगळे आयुष्य तिने फळ्यांवर काढले, तर तिची जमीन कोणती म्हणायची? दादा थोडा वेळ बोलला नाही. मग दराचा कागद घडी करून त्याने खिशात ठेवला आणि सुताराला फोन लावला. पाच फळ्या रंधा न मारता, फक्त धुऊन आणि जवसाचे तेल देऊन बसतील. दोन फळ्यांसाठी जुन्या घराच्या पाडलेल्या माळ्यातील मत्तीची तुळई आमच्याकडे आहे, तीच कापायची. पत्र्याच्या जमिनीचे मूळ आडवे टेकू सापडले आहेत. ते स्वच्छ करून, रंगवून फळ्यांखाली जागच्या जागी ठेवतो आहोत. पुढे कोणाला पत्रा बसवायचा झाला तर त्याची वाट मोकळी राहील.

१४ एप्रिल २०२४

वायरिंग. या काळातील विलीज सहा व्होल्टची असे. बाबांनी सत्तरच्या दशकात बारा व्होल्टचा डायनामो बसवला, कारण सहा व्होल्टची मोठी बॅटरी फोंड्यात मिळेनाशी झाली होती. आम्ही बारा व्होल्टच ठेवतो आहोत. तेवढ्याच शक्तीसाठी सहा व्होल्टला दुप्पट करंट लागतो आणि म्हणून तारा जाड लागतात. बारावर जाताना त्या जाड तारा चालून गेल्या, पण त्यांवरचे कापडी वेष्टण आता हात लावताच भुगा होते. सर्व तारा नव्या घातल्या, रंगखुणा मूळच्या नकाशाप्रमाणे ठेवल्या आणि जुन्या गाडीत नसलेला फ्यूजचा डबा डॅशच्या मागे, बाहेरून दिसणार नाही असा बसवला.

२८ एप्रिल २०२४

रंगाचा निर्णय. बॉनेटवर नाण्याएवढी जागा बारीक पॉलिश कागदाने हळूहळू घासल्यावर थर कडी-कडीने उघडे पडले. सर्वांत वर ब्रशने मारलेला हिरवा, त्याखाली निळा, त्याखाली राखाडी प्रायमर, आणि तळाशी गडद हिरव्याचा एक पातळ थर. मॉडेलची पितळी पाटी काढल्यावर तिच्या मागेही तोच गडद हिरवा निघाला, म्हणजे तो कारखान्याचा असावा. निळा रंग खाणीचा. वरचा फिका हिरवा आजोबांचा.

इथे मी माझ्याच तत्त्वाविरुद्ध मत दिले. आजोबांचा रंग ब्रशने मारलेला आणि ठिकठिकाणी ओघळलेला आहे, तो तसाच पुन्हा मारणे म्हणजे नक्कल करणे. नवा रंग द्यायचाच आहे तर पितळी पाटीमागे सापडलेला गडद हिरवा द्यावा. सर्वांना पटले. अपवाद एक: हातमोज्यांच्या कप्प्याच्या झाकणाची आतली बाजू आहे तशीच ठेवली आहे. तिथे आजोबांचा फिका हिरवा आणि त्यावर बाबांनी पेन्सिलीने लिहिलेले ऑइल बदलल्याचे आकडे आहेत.

१९ मे २०२४

रंग पूर्ण झाला. मे महिन्याच्या शेवटी हवेतील ओल वाढली की रंगावर पांढरी झाक येते, म्हणून रंगाऱ्याने सकाळी दव गेल्यानंतर आणि दुपारचे वारे सुटण्याआधी एवढ्याच वेळात काम केले. सपाट दारांवर प्रकाश तिरका पाडून पाहिला तर एका ठिकाणी हलकी लाट दिसते. ती राहू दिली.

३० जून २०२४

पाऊस. बाहेरचे काम बंद.

२१ जुलै २०२४

पावसाळ्यात घरात बसून करण्याजोगी कामे चालू आहेत. कार्टर कंपनीचा कार्ब्युरेटर जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून उघडला, कारण आईने पडवीत पेट्रोलचा वास नको म्हणून सांगितले आणि टेबलाची खिडकी वाऱ्याच्या दिशेला आहे. एक्सलरेटर पंपाचा पडदा कडक झाला होता.

पडदा, पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम आणि सर्व रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घेतल्या. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले आहे. त्याने जुने रबर फुगते आणि मऊ पडते. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेते आणि पाणी फार झाले की ते दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी वेगळे बसतात. गाडी क्वचित चालणार असेल तर आपल्या हवेत हा धोका वाढतो. म्हणून टाकीचा तळ आतून साफ करून लेप दिला, आणि पावसाळ्यापूर्वी टाकी रिकामी करायची असे ठरवले. जुन्या गाड्या बाळगणाऱ्या प्रत्येकाने रंगाच्या आधी या नळ्यांकडे पाहावे असे मला मनापासून वाटते. रंग गेला तर गाडी कुरूप दिसते, नळी गेली तर तापलेल्या इंजिनावर पेट्रोल सांडते.

१८ ऑगस्ट २०२४

बेळगावहून आलेली क्रँक, नवी बेअरिंग आणि रिंगा घालून इंजिन जुळवले. व्हॉल्व्हचे अंतर थंड इंजिनावर इनलेटला १८ थाऊ आणि एक्झॉस्टला १६ थाऊ ठेवले. फायरिंगचा क्रम १-३-४-२. मेस्त्रींनी हेडचे बोल्ट मधून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने तीन टप्प्यांत आवळले आणि प्रत्येक टप्प्यावर मुलीकडून टॉर्क रेंच वाचून घेतला.

२२ सप्टेंबर २०२४

चवथ झाल्यावर आज इंजिन सुरू केले. आधी प्लग काढून, स्टार्टरने फिरवून ऑइलचा काटा हलताना पाहिला, मगच प्लग बसवले. सुरुवातीला इंजिन धरून राहीना. मेस्त्रींनी डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवला आणि आवाज एकसारखा झाला. बाबांनी डोळे मिटून ऐकले आणि म्हणाले, "टॅपेट थोडा वाजतो, पण तो वाजायलाच हवा. फार घट्ट केला की व्हॉल्व्ह जळतो." टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह उचलणारा भाग. तिसरा व्हॉल्व्ह का जळला असेल त्याचे उत्तर कदाचित याच वाक्यात आहे. बाबांच्या नंतर गाडी ज्याच्या हाती दुरुस्तीला गेली त्याने आवाज बंद करण्यासाठी टॅपेट घट्ट केला असावा. इंजिन गरम झाल्यावर पुन्हा कॉम्प्रेशन मोजले. तिसऱ्या सिलिंडरचा दाब आता इतरांच्या बरोबरीने आला आहे.

१२ ऑक्टोबर २०२४

दसरा. हत्यारांबरोबर गाडीचीही पूजा केली, आंब्याचे टाळे आणि झेंडूची माळ जाळीला बांधली. त्यानंतर कुळागराच्या आतल्या वाटेवर, वस्तीपासून दूर, ब्रेक तपासले. नवे लायनिंग बसण्यासाठी हळू वेगाने अनेकदा थांबावे लागते. मागचे डावे चाक ओढत होते, तिथली अॅडजस्टमेंट सैल केली. बाबांनी पाटाजवळच्या चढावर गाडी पहिल्या गिअरमध्ये चढवली. पुढची चाकेही जोडून घेतली होती आणि ओल्या चिऱ्यावरून ती एकदाही घसरली नाही.

१७ नोव्हेंबर २०२४

कागदपत्रांचा प्रश्न. गाडीचे नोंदणीपत्र जुन्या जीडी (गोवा, दमण आणि दीव) मालिकेतील आहे आणि त्याची मुदत केव्हाच संपली. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, चॅसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार न झालेल्या दुचाकी आणि चारचाकी गाड्यांना व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, त्यानंतरच्या फेरनोंदणीचे ५,००० रुपये आणि मुदत दहा वर्षांची. पूर्वी नोंदणी झालेल्या गाडीला तिचा मूळ क्रमांक ठेवता येतो. नव्याने नोंदणाऱ्या गाडीच्या क्रमांकात व्हीए ही अक्षरे येतात. मात्र अशी गाडी रस्त्यावर नेहमीच्या किंवा व्यापारी वापरासाठी चालवता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणे एवढ्यापुरतीच ती बाहेर काढायची असते.

इथे आमच्या घरातील जुना वाद पुन्हा उभा राहिला. वाद फळ्यांचा होता तेव्हा तो लाकडाचा होता, आता तो वापराचा आहे. दादाला वाटते की एवढे केल्यावर गाडी ओझ्याला लावू नये. मला वाटते की ही ओझ्यासाठीच बनलेली वस्तू आहे आणि रिकाम्या हौद्याने उभी ठेवलेली पिकअप पुन्हा मांगरात गेल्यासारखीच होईल. स्प्रिंगांची पाती भाराखाली हलली नाहीत तर त्यांच्यामध्ये गंज धरतो, ब्रेकचे पिस्टन एका जागी राहिले तर अडकतात, हे आम्ही वर्षभर स्वतःच्या हातांनी उघडून पाहिले आहे.

१ डिसेंबर २०२४

तोडगा निघाला आणि तो नियमाच्या चौकटीत बसणारा आहे. नोंदणी व्हिंटेज म्हणून, मूळ जीडी क्रमांक ठेवण्याची विनंती करून करायची. रस्त्यावर गाडी नियमात सांगितलेल्या कामांसाठीच न्यायची. कुळागरातील वाटा आमच्या स्वतःच्या जमिनीत, गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) आत आहेत. तिथे पाडणीचे नारळ खळ्यापर्यंत आणण्याचे काम गाडी करेल, पाचशे किलोंपेक्षा अधिक भार न घालता. कारखान्याने ही गाडी एक टनाच्या वर्गातील ठरवली होती, पण सत्तर वर्षांच्या स्प्रिंगांकडून निम्मे काम घेणे योग्य. दादाने ही मर्यादा स्वतः सुचवली आणि हौद्याच्या आतल्या बाजूला तितक्या भाराची उंची दाखवणारी पांढरी रेघ मारली.

अर्जासाठी नमुना क्रमांक वीस, विमा आणि जुने नोंदणीपत्र यांची प्रत तयार आहे. हौद्याच्या फळ्यांविषयी कोणी विचारले तर टेकूंचे फोटो आणि आजोबांच्या हातची सुताराला दिलेल्या पैशांची वहीतील नोंद दाखवू. नारळाची पुढची पाडणी जानेवारीत आहे. त्याआधी मागच्या उजव्या चाकाच्या हबमधील ग्रीसचे सील बदलायचे आहे, कारण दसऱ्यानंतर तिथे तेलाचा डाग दिसू लागला. सील महिंद्राच्या जीपचेच बसते का, ते मेस्त्री माप घेऊन सांगणार आहेत.